वृंदगानाची तालीम : रॉबर्ट शॉ यांचे जीवन व कार्य

विसाव्या शतकात अमेरिकेतील वृंदगानाची कला चर्चच्या आणि महाविद्यालयांच्या सभागृहांतून बाहेर पडून सिम्फनी वाद्यवृंदांच्या पंक्तीला येऊन बसली. ज्यांच्यामुळे हे घडले त्यांत रॉबर्ट शॉ (१९१६–१९९९) यांचे नाव सर्वप्रथम घ्यावे लागते. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची, पुरस्कारांची आणि गाजलेल्या कार्यक्रमांची जंत्री सहज देता येईल. परंतु तिच्यातून त्यांचे खरे कर्तृत्व हाती लागत नाही, कारण ते मैफलीपेक्षा तालमीत घडले, आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या वृंदांतील बहुसंख्य गायक गाण्यावर पोट भरणारे नव्हते. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या हौशी माणसांकडून बाख, बीथोवन आणि ब्राम्स यांच्या सर्वांत अवघड रचना चोख गाऊन घेता येतात, मात्र त्यासाठी संचालकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या मोहिनीपेक्षा पद्धत लागते, हे शॉ यांनी सुमारे सहा दशके दाखवून दिले. प्रस्तुत व्याख्यानाचा रोख प्रामुख्याने याच गोष्टीवर आहे.

वृंदगान ही संज्ञा येथे पाश्चात्त्य संगीतातील विशिष्ट अर्थाने घेतली आहे. आपल्याकडे समूहगीत, आरती किंवा भजन म्हणताना सर्वांनी एकच चाल गायची असते, आणि आवाज एकमेकांत मिसळले की काम साधते. पाश्चात्त्य वृंदगानात मात्र गायकांचे साधारणपणे चार गट पाडलेले असतात : स्त्रियांच्या उंच आवाजांचा सोप्रानो, खालच्या आवाजांचा आल्टो, पुरुषांच्या चढ्या आवाजांचा टेनर आणि खर्जाचा बास. हे चारही गट एकाच वेळी आपापली निरनिराळी चाल गातात आणि त्या चालींच्या परस्परसंबंधातून जी स्वरसंहती निर्माण होते तिलाच हार्मनी म्हणतात. गोव्यातील ख्रिस्ती समाजाला हा प्रकार चर्चमधून पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे, आणि मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी उभ्या केलेल्या व त्यांच्यामागे कूमी वाडिया यांनी दीर्घकाळ सांभाळलेल्या वृंदाने तो मैफलीच्या दर्जाला नेला. तरीही बहुसंख्य मराठी श्रोत्यांना या वृंदापुढे उभा राहून केवळ हातवारे करणारा माणूस नेमके काय करतो, हा प्रश्न पडतो आणि तो रास्तही आहे. संचालक स्वतः एकही स्वर काढत नाही. लय राखणे, गटांना प्रवेशाची खूण देणे आणि आवाज कमी-अधिक करवणे एवढेच त्याचे काम श्रोत्यांना दिसते, पण त्याचे खरे काम त्या वेळेपर्यंत जवळजवळ संपलेले असते. कोणत्या अक्षरावर श्वास घ्यायचा, कोणता स्वर किंचित चढा लागतो आहे, कोणत्या गटाने कोणाला वाट करून द्यायची, हे सारे आधीच्या अनेक आठवड्यांत ठरून गेलेले असते.

रॉबर्ट लॉसन शॉ यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी कॅलिफोर्नियातील रेड ब्लफ या गावी झाला. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि आई चर्चमध्ये गाणारी, त्यामुळे प्रार्थनागीतांचे चौपदरी गायन त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत होते. पण संगीताचे रीतसर शिक्षण मात्र त्यांना मिळाले नाही. पोमोना महाविद्यालयात त्यांनी साहित्य, तत्त्वज्ञान आणि धर्म हे विषय घेतले आणि पुढे वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे असा त्यांचा विचार होता. तेथील विद्यार्थ्यांच्या गायनमंडळाचे काम पाहत असताना, १९३७ साली, एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी आलेल्या फ्रेड वेरिंग या लोकप्रिय वाद्यवृंदप्रमुखाने त्यांना हेरले, आणि १९३८ मध्ये शॉ न्यूयॉर्कला जाऊन वेरिंग यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी गायकवृंद बांधू लागले. हलक्याफुलक्या गीतांच्या या उमेदवारीला पुढील काळातील काही अभ्यासकांनी किरकोळ मानले आहे, ते बरोबर वाटत नाही. रेडिओवर गाणाऱ्याचा चेहरा दिसत नसल्यामुळे शब्द स्वच्छ कळणे हीच पहिली अट असते, आणि वेरिंग यांच्याकडे शब्दातील प्रत्येक ध्वनीच्या उच्चाराचा जो काटेकोर आग्रह होता, तोच शॉ यांनी पुढे बाखच्या रचनांना लावला.

१९४१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कॉलेजिएट कोरल हा सुमारे दोनशे हौशी गायकांचा वृंद स्थापन केला. ज्या चर्चच्या वास्तूत त्याच्या तालमी सुरू झाल्या, तेथे वृंदातील ज्यू, कॅथलिक आणि कृष्णवर्णीय गायकांबद्दल नाराजी व्यक्त झाली, तेव्हा शॉ यांनी गायक वगळण्याऐवजी वास्तू सोडली. हा निर्णय केवळ सामाजिक औदार्याचा म्हणून नोंदवून पुढे जाता येणार नाही. आवाज हीच निवडीची एकमेव कसोटी मानली तर गाणाऱ्याचा वंश, धर्म किंवा पत्ता विचारात घेण्यास जागाच राहत नाही; वृंदात कोणाला घ्यायचे हा प्रश्न शॉ यांच्या दृष्टीने संगीताचाच प्रश्न होता, आणि तो त्यांनी आयुष्यभर त्याच पद्धतीने सोडवला. पुढे त्यांच्या व्यावसायिक वृंदात कृष्णवर्णीय गायक होते आणि दक्षिणेकडील राज्यांत दौरे करताना हॉटेलांच्या दारात त्यांना अडवले जाई, तरीही वृंदाची रचना बदलली गेली नाही.

या काळात शॉ यांचे नाव झपाट्याने झाले, पण आपल्या ज्ञानाची बाजू लंगडी आहे हे त्यांना स्वतःला पक्के ठाऊक होते. गायकांना चेतवणे त्यांना जमत होते, परंतु रचनेचा सांगाडा वाचता येत नव्हता. त्यामुळे प्रसिद्धी मिळत असतानाच त्यांनी युलिउस हेरफोर्ड यांचे शिष्यत्व पत्करले. हेरफोर्ड हे नाझी राजवटीच्या काळात जर्मनीतून अमेरिकेत आलेले ज्यू पियानोवादक आणि संगीताभ्यासक होते. एखाद्या रचनेतील मात्रांचे गट कसे पडतात, त्या गटांची मोठी वाक्ये कशी होतात आणि संपूर्ण रचनेचा तोल कोणत्या बिंदूवर पेललेला असतो, याचे आराखडे कागदावर मांडून त्यांनी शॉ यांना संगीत वाचायला शिकवले. तिशीच्या उंबरठ्यावरील यशस्वी माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हावे ही गोष्ट दुर्मीळ आहे आणि शॉ यांच्या चरित्रातील सर्वांत निर्णायक घटना म्हणून तिच्याकडेच बोट दाखवावे लागेल. १९४४ मध्ये त्यांना गुगेनहाइम ही प्रतिष्ठेची शिष्यवृत्ती मिळाली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत दोन गोष्टी घडल्या. १९४५ मध्ये आर्तुरो तोस्कानिनी या ख्यातनाम इटालियन संचालकासाठी शॉ यांनी बीथोवनच्या नवव्या सिम्फनीतील वृंदगान तयार करून दिले. या सिम्फनीच्या अखेरच्या भागात सोप्रानो गायिकांना प्रदीर्घ काळ वरच्या पट्टीत राहावे लागते आणि बहुतेक वृंद तेथे किंचाळू लागतात. आपण ज्याच्या शोधात होतो तो वृंदशिक्षक अखेर सापडला, अशा आशयाचे उद्गार तोस्कानिनी यांनी या तालमीनंतर काढले, आणि त्यांच्या निवृत्तीपर्यंत नववी सिम्फनी, वेर्दीचे रेक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना), बीथोवनची मिसा सोलेम्निस अशा महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांना शॉ यांचाच वृंद लाभला. दुसरी गोष्ट याहून मोलाची होती. शॉ यांनी पाउल हिंडेमिट या जर्मनीतून आलेल्या रचनाकाराकडे नव्या रचनेची मागणी केली आणि हिंडेमिट यांनी वॉल्ट व्हिटमनच्या लिंकनवरील शोककाव्याला संगीत देऊन, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि युद्धात पडलेले सैनिक यांच्या स्मृतीसाठी एक रेक्विएम लिहिले. १४ मे १९४६ रोजी शॉ यांच्या संचालनाखाली कॉलेजिएट कोरलने ते प्रथम सादर केले. एका हौशी वृंदासाठी, एका निर्वासित रचनाकाराने, अमेरिकन कवीच्या शब्दांवर लिहिलेली ही रचना आज त्या शतकातील प्रमुख वृंदरचनांमध्ये गणली जाते.

१९४८ मध्ये शॉ यांनी रॉबर्ट शॉ कोराल हा लहान व्यावसायिक वृंद काढला, आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो अमेरिकेतील सर्वांत परिचित गायकवृंद राहिला. संगीतकार अ‍ॅलिस पार्कर यांच्यासह शॉ यांनी लोकगीते, प्रार्थनागीते आणि नाताळची गीते यांचे जे स्वरबंध तयार केले ते अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या आणि चर्चच्या वृंदांत आजही गायले जातात. या वृंदाने १९६२ च्या शरद ऋतूत सोव्हिएत संघाचा दौरा केला. तो क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून दोन महासत्ता युद्धाच्या काठावर उभ्या असण्याचा काळ होता, आणि दौऱ्याच्या कार्यक्रमात बाखचा बी मायनर मास होता. मास म्हणजे कॅथलिक उपासनेतील ठरावीक लॅटिन पाठांचे संगीत. धार्मिक संगीताला जाहीर व्यासपीठ क्वचितच मिळणाऱ्या देशात शॉ यांनी हा मास काटछाट न करता संपूर्ण सादर केला आणि रशियन श्रोत्यांनी सभागृहे भरून त्याचे स्वागत केले.

शॉ यांच्या तालमीची पद्धत जवळून पाहिल्याशिवाय ही फळे कशी आली हे उमगणार नाही. नवी रचना हाती घेतली की पहिल्या तालमींत शब्द बाजूला ठेवले जात आणि संपूर्ण वृंद आपापल्या स्वरांवर फक्त मात्रांची मोजणी गाई : वन-अँड-टू-अँड-टी-अँड-फोर-अँड. तीन या आकड्याचा इंग्रजी उच्चार जिभेला सावकाश निसटतो आणि त्यामुळे लय मागे पडते, म्हणून तेवढ्यापुरते थ्रीचे टी केलेले असे. दीर्घ स्वरसुद्धा सलग धरून ठेवायचा नसे. त्याच्या पोटातील प्रत्येक अर्धी मात्रा गाऊन मोजली जाई, त्यामुळे तो स्वर केव्हा संपतो याबद्दल दोनशे माणसांत दोन मते उरत नसत. हे सर्व अगदी दबक्या आवाजात चाले. नवशिक्या गायकाला सुरांची खात्री नसली की तो जोर लावतो, जोर लावला की शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला नाही की सूर दुरुस्त होत नाही; शॉ यांनी हे दुष्टचक्र पहिल्याच दुव्यावर तोडले, आणि त्याबरोबर गायकांचे गळेही वाचवले. सूर व लय पक्की झाल्यावर आवाजातील चढउतार, त्यानंतर शब्द, आणि सर्वांत शेवटी पूर्ण आवाज, असा क्रम ठरलेला होता.

त्यांच्या स्वरसाधनेतील एक अभ्यास आपल्याकडील संगीताच्या जाणकारांना विशेष भिडेल. संपूर्ण वृंदाने एक स्वर धरायचा आणि सोळा मात्रांच्या अवधीत, कोठेही टप्पा न घेता, तो अर्ध्या स्वराने वर न्यायचा. सोळाव्या मात्रेला पियानोवर वरचा स्वर वाजे आणि वृंद नेमका त्यावर पोहोचला की नाही हे तत्काळ कळे. मींड हा एका गळ्याचा अलंकार आहे. येथे अंतराचा सोळावा हिस्सा दोनशे कानांना एकाच वेळी मोजायचा असतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेक वृंद चौथ्या-पाचव्या मात्रेलाच वरच्या स्वरावर जाऊन बसतात. पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधे केवढे अवकाश पसरलेले आहे याचे भान या अभ्यासातून येते, आणि ते आल्यावर आपण किंचित उतरलो आहोत हे गायकाला संचालकाने सांगावे लागत नाही.

व्यंजनांच्या बाबतीत शॉ यांचा आग्रह याच जातीचा होता. गाताना स्वर लांबतो तो अकार-इकारांवर, परंतु शब्दाचा अर्थ कळतो तो व्यंजनांमुळे. शब्दाच्या अखेरचा ट किंवा द नेमक्या कोणत्या मात्रेवर उच्चारायचा हे ते स्वरलिपीच्या प्रतीवर लिहून देत, आणि म, न, ल यांसारख्या गुंजणाऱ्या व्यंजनांना स्वतःचा सूर व स्वतःचा अवधी देण्यास सांगत. तालमीपूर्वी गायकांच्या प्रतींवर अशा खुणा असतील, याची ते स्वतः घरी बसून तयारी करीत. संचालकाने वेळेवर गृहपाठ केला नाही तर दोनशे माणसांची संध्याकाळ वाया जाते, ही जाणीव या मेहनतीमागे होती, आणि हौशी कलावंतांबद्दलचा आदर म्हणतात तो हाच. त्यांच्या वेळेची किंमत व्यावसायिकांच्या वेळेपेक्षा कमी नसते.

१९५६ मध्ये क्लीव्हलँड वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक जॉर्ज सेल यांनी शॉ यांना तेथे सहसंचालक म्हणून बोलावले, आणि अकरा वर्षे त्या कठोर गुरूच्या सहवासात शॉ यांनी वाद्यवृंदाचे संचालन आत्मसात केले. १९६७ मध्ये ते अटलांटा सिम्फनीचे संगीत दिग्दर्शक झाले. अटलांटा हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे शहर. शॉ तेथे आल्यानंतर वर्षभरातच किंग यांची हत्या झाली. अशा शहरात वाद्यवृंद कोणाचा असावा याविषयी शॉ यांची भूमिका स्पष्ट होती. जानेवारी १९७२ मध्ये त्यांनी मोअरहाउस या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाच्या सहकार्याने कृष्णवर्णीय रचनाकार स्कॉट जॉप्लिन यांचा ट्रीमोनिशा हा ऑपेरा सादर केला. जॉप्लिन यांना हयातीत हा ऑपेरा पूर्ण स्वरूपात रंगमंचावर पाहता आला नव्हता, आणि त्यांच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी तो अटलांटात प्रथम उभा राहिला.

त्याच वर्षी शॉ यांचे पद धोक्यात आले. चार्ल्स आइव्हज आणि इतर आधुनिक रचनाकारांच्या रचना कार्यक्रमांत फार झाल्या, तिकिटे खपत नाहीत, असे नियामक मंडळाचे म्हणणे होते आणि त्याने शॉ यांच्याकडे राजीनामा मागितला. शहरातील श्रोत्यांनी मात्र शॉ यांच्या बाजूने मोहीम उघडली, हंगामाची तिकिटे आगाऊ खपवली आणि मंडळाला निर्णय मागे घ्यावा लागला. शॉ त्यानंतर १९८८ पर्यंत त्या पदावर राहिले. ज्या श्रोत्यांना नवे संगीत झेपत नाही असे गृहीत धरले होते, त्यांनीच त्या संगीतासाठी पदरचे पैसे मोजले, ही बाब कलासंस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

१९७० मध्ये शॉ यांनी या वाद्यवृंदाला जोडून सुमारे दोनशे गायकांचा अटलांटा सिम्फनी ऑर्केस्ट्रा कोरस स्थापन केला. त्यातील गायक मानधन न घेता गात, आणि वृंदातील जागा टिकवण्यासाठी जुन्या गायकांनाही पुन्हा चाचणी द्यावी लागे. टेलार्क कंपनीने १९७८ पासून या वाद्यवृंदाची डिजिटल तंत्राने जी ध्वनिमुद्रणे केली त्यांतून हा बिनपगारी वृंद जगभर पोहोचला, आणि १९८८ च्या युरोप दौऱ्यात त्याने पूर्व बर्लिनमध्ये बीथोवनची नववी सिम्फनी गायली. शॉ यांना डझनाहून अधिक ग्रॅमी पुरस्कार मिळाले, १९९१ मध्ये केनेडी सेंटरचा आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय कलापदकाचा बहुमान लाभला.

या ध्वनिमुद्रणांवर एक आक्षेप घेतला जातो : शॉ यांची लय सावध आहे, सर्व काही इतके नीटनेटके आहे की संगीतातील धोका नाहीसा होतो. केवळ वाद्यवृंदाच्या रचनांपुरता हा आक्षेप बराचसा मान्य करावा लागेल. त्या क्षेत्रात त्यांच्या समकालीनांपैकी काहींची कामगिरी निश्चितच अधिक थरारक आहे. परंतु वृंदरचनांच्या बाबतीत तो टिकत नाही. ब्राम्सच्या जर्मन रेक्विएमचा आरंभ याचे उदाहरण म्हणून घेता येईल. या पहिल्या भागात ब्राम्सने व्हायोलिन वापरलेलीच नाहीत. खालच्या तंतुवाद्यांच्या काळसर आवाजानंतर वृंद वाद्यांच्या आधाराविना हळुवार प्रवेश करतो, आणि त्याच्या पहिल्या शब्दाचा आरंभ ऊष्म व्यंजनाने होतो. दोनशे माणसांनी ते व्यंजन किंचितही मागेपुढे उच्चारले तर ऐकणाऱ्याला शब्दाऐवजी फूत्कार ऐकू येतो. शॉ यांच्या अटलांटातील ध्वनिमुद्रणात तो शब्द एका माणसाने उच्चारल्यासारखा येतो आणि तरीही त्यात दोनशे गळ्यांचे वजन जाणवते. अशा ठिकाणी नीटनेटकेपणा आणि भाव या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

निवृत्तीनंतर शॉ थांबले नाहीत. १९९० पासून ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दरवर्षी कार्यशाळा घेत, आणि तेथे देशभरातील वृंदसंचालक स्वतः गायक म्हणून बसून त्यांची तालीम अनुभवत. अखेरच्या काळात जर्मन रेक्विएमचे इंग्रजी भाषांतर करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, कारण ब्राम्सने लॅटिन पाठ टाळून आपल्या श्रोत्यांच्या भाषेतील बायबलमधून शब्द निवडले होते, आणि अमेरिकन श्रोत्यांनाही ते स्वतःच्या भाषेत कळावेत असे त्यांना वाटे. २५ जानेवारी १९९९ रोजी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. त्या भाषांतराचे ध्वनिमुद्रण त्यांच्या मागे संचालक क्रेग जेसप यांनी सॉल्ट लेक सिटीतील मॉर्मन टॅबरनॅकल वृंदाकडून करून घेतले.

शॉ यांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत एक असे साधन आहे की जे संगीताची साधने हाताशी नसलेल्यालाही उपयोगी पडेल. कॉलेजिएट कोरलच्या दिवसांपासून ते तालमीनंतर गायकांना पत्रे लिहीत. प्रत्येक पत्राचा मायना ‘प्रिय जनहो’ अशा अर्थाचा असे, आणि मागच्या तालमीत काय चुकले येथपासून माणसे एकत्र येऊन गातात ती कशासाठी, येथपर्यंतचे विषय त्यांत येत. या पत्रांपैकी अनेक रॉबर्ट ब्लॉकर यांनी संपादित केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात आणि गोव्यात शाळांची गायनपथके, भजनी मंडळे, चर्चचे गायकवृंद आणि हौशी नाट्यसंस्था चालवणारे हजारो लोक संध्याकाळच्या दोन तासांत थकलेल्या माणसांकडून चांगले काम कसे करून घ्यावे या विवंचनेत असतात; त्यांच्यासाठी या पत्रांतील निवडक पत्रे मराठीत आणण्याचे काम एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागाने किंवा प्रकाशकाने अवश्य हाती घ्यावे.